२०१२ ची डिझेल स्विफ्ट: ईजीआर व्हॉल्व्ह काढून साफ करायचाय, की पत्रा टाकून बंद करायचा?

बोरिवलीकर_डिझेल

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची स्विफ्ट डीडीआयएस, बीएस४, मीटरवर १,२८,००० किमी. रोजचं जाणं-येणं बोरिवली ते अंधेरी, म्हणजे बराचसा वेळ वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. दोन महिन्यांपासून २००० आरपीएमच्या खाली पिकअप बसलाय, सिग्नलवरून निघताना मागे काळा धूर सुटतो आणि आयडलिंगला गाडी हलकी थरथरते. पीयूसीला के व्हॅल्यू (धुराची दाटी) २.३१ आली, नापास. स्कॅनरवर कोड पी०४०२. पुढच्या वर्षी नोंदणीला पंधरा वर्षं होतील, फिटनेसला जायच्या आत हे निस्तरायचंय.

गॅरेजमध्ये सांगतात, ईजीआर व्हॉल्व्हच्या, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडावर पत्रा टाकून बंद करा, कटकट संपली. मला ते पटत नाही. पाने, सॉकेट सेट आणि ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारा) माझ्याकडे आहे. दोष व्हॉल्व्हचाच आहे हे काढण्याआधी कसं ठरवू? काढायचा क्रम काय, कशाने धुवायचा, आणि पॅकिंग जुनंच चालेल का?

परळचा_फिटर

आधी खात्री करा, मगच पाना हातात घ्या. पी०४०२ म्हणजे ईजीआरमधून अपेक्षेपेक्षा जास्त धूर इंजिनात परत येतोय. बहुतेक वेळा याचा अर्थ व्हॉल्व्ह किटणामुळे पूर्ण मिटत नाही. पण एअर मास सेन्सर (आत येणारी ताजी हवा मोजणारा) मळला तरी कॉम्प्युटर याच निष्कर्षावर येऊ शकतो, कारण किती धूर आत गेला हे तो बऱ्याच अंशी आत आलेल्या ताज्या हवेवरूनच ताडतो.

स्कॅनरवर तीन आकडे एकत्र लावा: आरपीएम, एअर मास (सेकंदाला किती ग्रॅम हवा) आणि कमांडेड ईजीआर (कॉम्प्युटर व्हॉल्व्हला किती उघडायला सांगतोय). इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, आयडलिंगला. कमांडेड ईजीआर ० वर येईपर्यंत थांबा. बऱ्याच डिझेल गाड्यांत थोडा वेळ आयडलिंगला ठेवलं की तो आपोआप शून्यावर येतो. आता हिशोब असा. तुमचं इंजिन १२४८ सीसी, चार सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी. आपल्या हवेत एका सीसीत साधारण १.१६ मिलिग्रॅम हवा मावते आणि सिलिंडर ८५ टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणजे दर भरणीला ३०० मिलिग्रॅमच्या जरा वर. ८५० आरपीएमला मिनिटाला १७०० भरण्या होतात. गुणाकार केला की सेकंदाला ८ ते ९ ग्रॅम येतं. ईजीआर ० दाखवत असताना एअर मास या आकड्याच्या जवळ असेल तर व्हॉल्व्ह नीट मिटतोय. तो ५-६ वरच अडकला असेल तर उरलेली जागा धुराने भरलेली आहे.

सेन्सरवरचा संशय फेडायला मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबा. पूर्ण लोडवर ईजीआर बंद असतो, तेव्हा आरपीएम चढेल तसा एअर मास झपाट्याने चढला पाहिजे. तिथेही तो मरगळलेलाच असेल तर आधी एअर फिल्टर आणि सेन्सर बघा. सेन्सरला फक्त एअर मास सेन्सरचाच क्लीनर मारा. कार्ब क्लीनरने त्याची तार जाते.

आता काढणं. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्ह गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरकडून येणारा पाइप बाजूला केला की हात जायला जागा होते. इंजिन थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. चावी काढा, दहा मिनिटं थांबा, मग बॅटरीची मायनस आधी आणि प्लस नंतर. हात लावायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, विशेषतः कुठला पाइप कशाच्या खालून गेलाय त्याचे.

बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे आदल्या संध्याकाळीच मारून ठेवा. पाच मिनिटं आधी मारलेल्या स्प्रेने काहीही होत नाही. एक्झॉस्टच्या बाजूचे बोल्ट हजारदा तापून थंड झालेले असतात आणि वर आपला पावसाळा. पाना लावला आणि बोल्ट स्प्रिंगसारखा लवचिक वाटायला लागला तर तिथेच थांबा. तो सुटत नाहीये, पिळवटतोय. परत घट्ट करायच्या दिशेला जरासा हलवा, स्प्रे मारा, पुन्हा उलटा. असं चार-पाच वेळा पुढे-मागे करत आणा. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बोल्ट तुटला की अर्ध्या दिवसाचं काम आठवड्यावर जातं. सॉकेट सहा कोनी घ्या, बारा कोनी सॉकेट गंजलेलं डोकं गोल करतो.

कनेक्टरचं प्लास्टिक उष्णतेने बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. लॉक अंगठ्याने दाबून धरा आणि कनेक्टरचं अंग धरून ओढा, वायर धरून नाही. व्हॉल्व्हला ईजीआर कूलर जोडलेला असेल तर कूलंटचे होज सोडावे लागतात. खाली स्वच्छ पातेलं ठेवा, एक-दीड लिटर पडेल असं धरून चाला.

व्हॉल्व्ह बाहेर आला की पहिलं काम म्हणजे इंजिनावर उघडी पडलेली तोंडं फडक्याने बंद करणं. भडक रंगाचं फडकं घ्या, शेपूट बाहेर लोंबतं ठेवा आणि किती फडकी कोंबली ते मोजून ठेवा. मॅनिफोल्डमध्ये पडलेली कार्बनची टणक खपली सरळ सिलिंडरमध्ये जाते.

परळचा_फिटर

साफसफाई वेगळी लिहितो, कारण बहुतेक व्हॉल्व्ह मरतात ते इथे.

व्हॉल्व्ह हातात घेऊन उजेडात बघा. मधोमध दांडी, तिच्या टोकाला छत्रीसारखी चकती आणि ती जिथे टेकते ती कडा, म्हणजे सीट. किटण दोन जातीचं असतं. एक्झॉस्टच्या बाजूला कोरडं, करड्या रंगाचं, नखाने पापुद्रा निघावा तसं. इनटेकच्या बाजूला ओलसर, डांबरासारखं, बोटाला चिकटणारं. चकती आणि सीट यांच्यामध्ये एक कडक दाणा अडकला तरी व्हॉल्व्ह अर्धा मिलिमीटर उघडा राहतो, आणि आयडलिंगचा थरकाप तिथूनच सुरू होतो.

आधी कोरडं खरवडा, स्प्रे नंतर. उलटं केलंत तर सगळ्याचा चिखल होऊन दांडीच्या बुशमध्ये (दांडी ज्यात सरकते त्या नळीत) उतरतो आणि वाळला की दांडी जाम. खरवडायला बांबूची काडी, आइस्क्रीमची काडी, जुना टूथब्रश, फार तर पितळी तारांचा ब्रश. सीटवर लोखंडी ब्रश, पॉलिश पेपर किंवा स्क्रू ड्रायव्हर नको, एक ओरखडा पडला की ती जागा कायमची गळते. मग तोंड खाली धरून कार्ब क्लीनर, म्हणजे घाण बाहेर ओघळेल आणि व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विजेच्या मोटरकडे जाणार नाही. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, ब्रश, पुन्हा स्प्रे. अशा तीन-चार फेऱ्या. ५०० मिलीचा एक डबा व्हॉल्व्हला पुरतो, पाइप आणि थ्रॉटलही धुणार असाल तर दोन आणा. शेवटी कोरडी हवा, आणि तासभर वाळू द्या.

मोटरच्या बाजूचा भाग कशातही बुडवायचा नाही. रात्रभर रॉकेलमध्ये टाकून ठेवायचा सल्ला जुन्या, बिनविजेच्या व्हॉल्व्हसाठी होता. कॉस्टिक सोडा किंवा नाली साफ करायची पावडर कुठल्याच भागाला लावू नका, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. बेकरीच्या भट्टीसाठी जो ओव्हन क्लीनर मिळतो त्यातही बहुतेक तेच असतं.

पाच पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये साधारणपणे दोन पिना मोटरच्या आणि तीन पोझिशन सेन्सरच्या असतात. हालचाल बघायला थेट १२ व्होल्ट जोडू नका, चुकीच्या पिनला लागलं तर सेन्सर गेला. काडीने चकती हळूच दाबा, दोन-तीन मिलिमीटर, आणि सोडा. स्प्रिंगने टक्कन मागे आली पाहिजे. आळसात येत असेल तर बुशमध्ये अजून घाण आहे. दाबलीच जात नसेल तर जोर करू नका, काहींमध्ये गिअर असतो आणि तो हाताने फिरायचा नसतो.

मग गळती बघा. व्हॉल्व्ह असा धरा की मिटलेल्या चकतीवर वाटीसारखा खळगा होईल, त्यात चमचाभर डिझेल ओता आणि पाच मिनिटं थांबा. खालून एखादा थेंब पाझरला तर चालेल, धार लागली तर सीट झिजली आहे. तो कितीही धुतला तरी नवाच घ्यावा लागेल.

एक सुरक्षेचं. हे इमारतीच्या बंद पार्किंगमध्ये करू नका. क्लीनरची वाफ जड असते, खाली साचते आणि पेटते. भिजलेली फडकी उघड्यावर वाळवा, उरलेलं काळं पाणी सोसायटीच्या गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, स्प्रे उलटून तोंडावर येतो.

भांडुप_बोलेरो

तुमचा विजेवरचा आहे, पण हा धागा जुन्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओवाल्यांच्याही हाती लागेल म्हणून व्हॅक्यूमवाल्या व्हॉल्व्हचं लिहितो. वर ताटलीसारखा डबा आणि त्याला एक बारीक रबरी नळी असेल तर तो व्हॅक्यूमचा. यात व्हॉल्व्हपेक्षा नळीच जास्त वेळा दोषी निघते. दहा वर्षांत रबर सुकून टोकाला चिरतं. टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापून परत बसवला की कित्येकदा काम होतं.

तपासायला मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची सिरिंज आणि पाऊण फूट नळी पुरे. नळी डब्याच्या तोंडाला लावा आणि दांडा ओढा. आतली दांडी उचलली गेलेली दिसली पाहिजे आणि सिरिंज तशीच धरून ठेवली तर अर्धा मिनिट तिथेच राहिली पाहिजे. हळूहळू खाली आली तर आतला पडदा फाटलाय. त्या पडद्यावर कार्ब क्लीनर अजिबात जाऊ देऊ नका, रबर फुगतं.

व्हॉल्व्ह ठीक, नळी ठीक, तरी उघडत नसेल तर व्हॅक्यूम सोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) बघा. त्याला हवेसाठी छोटा फोमचा फिल्टर असतो, तो धुळीने गच्च झालेला असतो.

बोरिवलीकर_डिझेल

फिटर काका, मनापासून आभार. तुमच्या हिशोबाप्रमाणे बघितलं: ८५० आरपीएमला कमांडेड ० असताना एअर मास ५.४. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडलला मात्र व्यवस्थित चढतो. म्हणजे सेन्सर ठीक, व्हॉल्व्ह उघडा राहतोय. आज काढला. बोल्ट सुटले, एकाचे आटे किंचित खराब आहेत. व्हॉल्व्हमध्ये अपेक्षेइतकीच घाण होती, पण पलीकडे इनटेकच्या तोंडाशी टॉर्च मारला तर आत चहूबाजूंनी साधारण पाच मिलिमीटर जाड काळा थर आहे आणि तो तेलकट ओला आहे. मूळ भोक ४० मिमीच्या आसपास वाटतंय. हे असंच ठेवून व्हॉल्व्ह बसवू का?

घाटकोपर_टर्बो

नका बसवू. ४० च्या भोकात सगळीकडून ५ चा थर म्हणजे ३० चं भोक उरलं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटतं, म्हणजे वाट ५६ टक्केच राहिली. व्हॉल्व्ह चकाचक केला तरी इंजिनाचा श्वास अर्धाच. मॅनिफोल्ड उतरवून बाहेर धुवा. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर गरम पाणी आणि डिग्रीजर वापरा, खरवडायला फक्त लाकूड किंवा प्लास्टिक.

जागेवरच खरवडायचा मोह टाळा. हवेच्या पाइपमधून चालू इंजिनात क्लीनर फवारायचे व्हिडिओही बघाल, तेही टाळा. डिझेल इंजिनाला हवेतून ज्वालाग्राही वाफ मिळाली की तेच इंधन होतं, चावी बंद करूनही रेस चढत राहू शकते. शिवाय सुटलेली खपली व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या मध्ये जाते.

आता मुद्दा ओलेपणाचा. नुसत्या काजळीचा डांबर होत नाही, त्यात ऑइलची वाफ मिसळावी लागते. ती येते इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ परत हवेच्या पाइपात सोडणाऱ्या नळीतून. ब्रीदरचा पाइप आणि ऑइल वेगळं करणारा डबा काढून धुवा. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर कमी करा. टर्बोकडून येणाऱ्या मोठ्या पाइपमध्ये बोट फिरवा. तेलाचा हलका थर चालतो, तळाशी थारोळं असेल तर टर्बोच्या सील बघायला हव्यात. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर तेलाचा ओघळ दिसला तर तिथे चीर आहे. मोजलेली हवा तिथून पळते आणि डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडतं, म्हणून पुन्हा काळा धूर. हे न बघता व्हॉल्व्ह बसवलात तर सहा-आठ महिन्यांत हेच काम परत.

आणि रोजचा रस्ता. ईजीआर सगळ्यात जास्त उघडा असतो तो कमी लोडवर, हळू चालताना. बोरिवली-अंधेरी ट्रॅफिक म्हणजे नेमकं तेच, आणि त्यात इंजिन नीट तापतही नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून, एक गिअर खाली ठेवून २५०० ते ३००० आरपीएमवर चालवा. जमलेलं किटण यानं जाणार नाही, पण नवीन थर सावकाश चढेल.

परळचा_फिटर

घाटकोपरकरांशी पूर्ण सहमत. बसवण्याचं लिहितो.

पॅकिंग नवंच. पत्र्याच्या पॅकिंगवर जो उठाव असतो तो एकदा आवळला की चपटा होतो, दुसऱ्यांदा धरत नाही. त्याऐवजी सिलिकॉन लावू नका. एक्झॉस्टच्या उष्णतेत ते जळून तुकडे होतात आणि ते तुकडे परत सीटवर येऊन बसतात. पॅकिंग चासी नंबर सांगून कंपनीच्या काउंटरवरूनच घ्या. मॅनिफोल्डचं आणि कूलरच्या ओ-रिंगाही त्याच फेरीत आणा. व्हॉल्व्ह बदलायचाच झाला आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना शोधणार असाल, तर हे इंजिन डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंतो अशा बऱ्याच गाड्यांत आहे. मात्र त्यावर भुलू नका, व्हॉल्व्हच्या अंगावरचा पार्ट नंबर आणि कनेक्टर दोन्ही जुळले तरच घ्या, आणि डिझेलची चाचणी दुकानातच करा.

आटे खराब असलेला बोल्ट नवा घ्या आणि भोकात योग्य मापाचा टॅप हाताने, तेल लावून, एकदा फिरवा. जुळणारे पृष्ठभाग जुन्या ब्लेडने सपाट धरून साफ करा. बोल्टला तांब्याचं अँटी-सीझ अगदी बोटभर पुसल्याइतकं. सगळे बोल्ट आधी बोटाने तीन-चार आटे गेले पाहिजेत, मगच पाना. दोन टप्प्यांत, आलटून-पालटून. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तो पाळा, नसेल तर अॅल्युमिनियममध्ये एम८ ला २० ते २५ न्यूटन मीटर आणि एम६ ला ८ ते १०. लांब दांड्याने अंदाजे आवळलेला एम६ हमखास मरतो.

फडकी मोजून काढा. कूलंट त्याच प्रकारचं भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवा. थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा, पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी बघा. बाहेर थेंब नाही, तरी पातळी उतरतेय आणि सकाळी पांढरा धूर येतोय असं झालं तर कूलर आतून फुटलाय.

बॅटरी जोडल्यावर चावी ऑन करा, स्टार्ट न करता पंधरा सेकंद थांबा, ऑफ करा, असं दोनदा. बऱ्याच व्हॉल्व्हना यावेळी मिटलेली जागा नव्याने कळते. काहींना स्कॅनरमधून अॅडाप्टेशन रीसेट करावं लागतं, साध्या ब्लूटूथच्या ॲपमधून ते सहसा होत नाही. कोड पुसा. पहिल्या मिनिटाला थोडा धूर येईल, तो उरलेल्या क्लीनरचा.

माहीम_बीएस४

पत्र्याबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि मला वाटतं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पत्रा टाकला की धूर खरंच कमी होतो, म्हणून लोकांना तो इलाज वाटतो. कारण सोपं आहे: आत धूर येणं थांबलं, ऑक्सिजन वाढला, डिझेल पूर्ण जळलं. पण ईजीआर काजळीसाठी बसवलेलाच नसतो. तो ज्वलनाचं तापमान खाली आणून नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. पीयूसीच्या डिझेल चाचणीत फक्त धुराची दाटी मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणजे गाडी पास होते आणि दिवसभर तुंबलेल्या हायवेवर मागच्या रिक्षातल्या आणि बाइकवरच्या माणसाच्या छातीत जास्त विष जातं. उन्हात हेच वायू ओझोन तयार करतात. मुंबईत जिथे बंपरला बंपर लागलेला असतो तिथे हे मला अजिबात मान्य नाही.

कायद्यानेही प्रदूषणाचं यंत्र निकामी करणं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय पत्रा टाकल्यावर कॉम्प्युटरला प्रवाह सापडत नाही, पी०४०१ येऊन दिवा पेटतो, मग तो विझवायला सॉफ्टवेअर बदला, असं एकातून एक वाढत जातं. निदान करायला दहा मिनिटं पत्रा लावून धूर जातो का बघितलं तर ठीक, पण बघून झालं की काढायचा.

तुमच्या गाडीची मर्यादा लक्षात ठेवा: बीएस४ डिझेलला के १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. २.३१ वर जुनी गाडी सुटली असती, तुमची नाही. चाचणीला जाताना इंजिन नीट तापलेलं असू दे, वीस-पंचवीस मिनिटं चालवून थेट मशीनवर न्या. रांगेत अर्धा तास आयडलिंगला उभी राहिलेली गाडी पहिल्या रेसला साचलेली काजळी ओकते आणि आकडा उगाच चढतो.

बोरिवलीकर_डिझेल

मॅनिफोल्ड उतरवून धुतला, ब्रीदरचा डबा जवळजवळ चोंदलेला होता, तोही. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लॅम्पखाली चीर निघाली, होज बदलला. व्हॉल्व्हने डिझेलच्या चाचणीत एक थेंबही सोडला नाही. नव्या पॅकिंगसह बसवला, सगळी फडकी मोजून परत आली. आता ८५० आरपीएमला, कमांडेड ० असताना, एअर मास ८.३. थरकाप गेला. पीयूसीला के ०.९४.

एक शंका उरली. कमांडेड ईजीआर ० वरून ३० वर जाताना एअर मास उतरायला दोन-एक सेकंद लागतात. हे बरोबर आहे का?

परळचा_फिटर

ॲप किती वेळाने आकडा ताजा करतं ते बघा. स्वस्त अडॅप्टरवर तीन-चार आकडे एकत्र लावले की एकेक आकडा दीड-दोन सेकंदांनी बदलतो. फक्त एअर मास आणि कमांडेड ईजीआर एवढेच ठेवून परत बघा. अर्ध्या-एका सेकंदात उतरला तर व्हॉल्व्ह चपळ आहे. तरीही दोन सेकंद लागले तर बुशमध्ये क्लीनरने पातळ झालेली घाण परत बसलीय, आठवडाभर चालवून एकदा पुन्हा तपासा. होजचा नवा क्लॅम्पही तेव्हाच एकदा आवळून घ्या, नवं रबर पहिल्या तापण्यानंतर थोडं बसतं.